मासळीतली रसायनं: पुणेकर खवय्यांसाठी बाजारापासून ताटापर्यंतचा मार्गदर्शक

कल्ले लाल आहेत का, डोळे पाणीदार आहेत का, बोटाने दाबल्यावर खड्डा राहतो का. मासळी घेताना आपण पाहतो ते एवढंच, आणि ते सगळं ताजेपणाबद्दल असतं. पहाटे जाळ्यात आलेल्या, अंगावरची चकाकी न गेलेल्या माशातही भरपूर पारा असू शकतो. माशातल्या पाऱ्याला वास नसतो, चव नसते, रंग नसतो. कॅडमियमचंही तेच. कारखान्यांच्या सांडपाण्यातून येणाऱ्या या रसायनांपुढे आपला सराईत डोळा चालत नाही, आणि घरी आणल्यावर हळद-मीठ चोळून कितीही धुतलं तरी फारसं काही निघत नाही. जे काही हातात आहे ते बहुतेक निवडतानाच: जात कुठली, आकार केवढा, पाणी कुठलं, भाग कुठला आणि आठवड्यातून किती वेळा.

मासे सोडा असं मी म्हणणार नाही. चांगली प्रथिनं, ओमेगा-३, आयोडीन, सेलेनियम इतक्या स्वस्तात देणारं दुसरं खाणं आपल्याकडे नाही. घाबरून मासे बंद करणाऱ्या घरात त्याऐवजी जे ताटात येतं ते बहुधा तब्येतीला अधिक महाग पडतं. थोडा हिशोब करून खाल्लं तर पुरतं.

फॉर्मलिनचं आधीच सांगून टाकतो, कारण 'केमिकल' म्हटलं की बाजारात सगळ्यांना तेच आठवतं. २०१८ साली केरळ आणि गोव्यात फॉर्मलिन लावलेल्या मासळीवरून गदारोळ झाला. तेव्हापासून कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने काढलेल्या तपासणीच्या पट्ट्या अनेकांना माहीत झाल्या. पण फॉर्मलिन मासा मेल्यावर वरून लावलं जातं. पारा मासा जिवंत असताना त्याच्या मांसात उतरतो. पट्टी पहिल्यासाठी आहे, दुसऱ्याबद्दल ती काहीच सांगत नाही. शिवाय बोंबलासारख्या काही माशांत फॉर्मल्डिहाइड मेल्यानंतर आपोआपही तयार होतं. तेव्हा बोंबलावर पट्टीचा रंग बदलला म्हणून लगेच विक्रेत्याच्या अंगावर जाऊ नका.

पहिली पायरी: कुठलं रसायन कुठे जाऊन बसतं

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं निम्मं काम आपोआप होतं.

पारा कारखान्यांतून आणि कोळशाच्या धुरातून पाण्यात येतो आणि तळाच्या गाळात जातो. तिथले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. हा प्रकार प्रथिनांना चिकटतो, म्हणजे तो माशाच्या मांसातच असतो. कातडी काढून, चरबी छाटून, उकळून, तळून तो जात नाही. कोकम-चिंचेचा आंबटपणाही त्याला धक्का लावत नाही. लहान मासे मोठा मासा खातो, त्याला आणखी मोठा, आणि प्रत्येक टप्प्यावर प्रमाण वाढत जातं. जपानमधल्या मिनामाता उपसागराकाठी कोळ्यांच्या कुटुंबांत हातपाय वाकडे होणं, दृष्टी जाणं असे प्रकार सुरू झाले, आणि १९५६ साली हा आजार अधिकृतपणे नोंदला गेला. कारखान्याचं पारायुक्त पाणी मात्र १९६८पर्यंत समुद्रात जातच राहिलं. तिथली माणसं ताजीच मासळी खात होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कॅडमियमची जागा वेगळी. ते मांसात कमी आणि पोटातल्या ग्रंथींत जास्त साठतं: चिंबोरीच्या कवचाखालचा मऊ तपकिरी गर, माकुलाच्या पोटातली पिशवी, शिंपल्याचा आतला काळसर भाग. माणसाच्या मूत्रपिंडात एकदा बसलं की ते निम्मं व्हायलाच १० ते ३० वर्षं लागतात. शिसं हाडं, कल्ले आणि कवचाकडे ओढलं जातं.

पीसीबी आणि डायॉक्सिन ही तेलात विरघळणारी रसायनं. पीसीबी जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात असायची. ती चरबीत बसतात, म्हणजे कातडीखाली, पोटाच्या पातळ पट्टीत, यकृतात. इथे मात्र सुरीचा उपयोग होतो, त्याबद्दल पुढे.

तेलगळतीतली रसायनं मासे बऱ्यापैकी लवकर शरीराबाहेर टाकतात, शिंपल्यांना त्याला फार वेळ लागतो. ऑगस्ट २०१०मध्ये मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं. तशा वेळी किनाऱ्याजवळचे शिंपले पुढचे काही महिने टाळणं हाच शहाणपणा. हलवा-पापलेटबद्दल इतकं घाबरण्याचं कारण नसतं.

दुसरी पायरी: मासा कुठल्या पाण्यातला, हे विचारा

पुण्याला समुद्र नाही, त्यामुळे आपल्याकडे सगळ्या किनाऱ्यांचा माल एकाच फळीवर येतो. गणेश पेठेत किंवा कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात एका टोपलीत हर्णैचा माल असतो, शेजारी ससून डॉकचा, पलीकडे वेरावळ किंवा कारवारहून बर्फात आलेला. त्यात उजनीची चिलापी आणि आंध्रातले रोहू-कटला. किनाऱ्यावरच्या माणसाला आपल्या खाडीचा स्वभाव ठाऊक असतो. पुणेकराला तो विचारून घ्यावा लागतो.

खोल समुद्रातला आणि खाडीतला, हा पहिला फरक. सांडपाणी नदीतून खाडीत येतं, भरती-ओहोटीत तिथेच मागेपुढे हिंदकळतं आणि धातू चिखलात बसतात. बाहेरच्या समुद्रात ते पसरून पातळ होतं. कोकणातल्या रासायनिक वसाहती आणि त्यांच्या खाड्या एकदा नकाशावर बघून ठेवा. रोहा-धाटावचं पाणी कुंडलिकेतून रेवदंड्याकडे जातं. महाडचं सावित्रीतून बाणकोटला, लोटे-परशुरामचं दाभोळ खाडीकडे, रसायनीचं पाताळगंगेतून धरमतरला, तळोज्याचं कासाडीतून पनवेलच्या बाजूला. तारापूरचं नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं. उल्हास नदीचं मुख आणि ठाण्याची खाडी इथल्या गाळात पारा सापडल्याच्या नोंदी संशोधकांनी काही दशकांपासून केलेल्या आहेत.

याचा अर्थ या खाड्यांतला प्रत्येक मासा विषारी, असा नाही. तिथल्या कोळ्यांचं नुकसान सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त होतं, आणि सरसकट बदनामीने त्यांच्याच पोटावर पाय येतो. पण एकाच खाडीचा माल दर आठवड्याला घरी येत असेल तर त्याची विभागणी करा, एवढं नक्की.

विचारायचं कसं? 'केमिकलवाला आहे का' असं विचारलं तर उत्तर ठरलेलं. त्यापेक्षा:

"मावशी, ही बोय बाहेरची की खाडीची?"

"खाडीची हाय दादा, खाडीचीच गोड लागते."

"कुठल्या खाडीची?"

"रेवदंड्याकडची. रातच्याला आली."

यात तिने काही लपवलं नाही, कारण तिच्या दृष्टीने खाडीची असणं ही मालाची तारीफ आहे, आणि चवीच्या बाबतीत ती बरोबरच बोलते. बोय, निवट्या, खाडीची कोळंबी, चिंबोरी, जिताडा ही सगळी चविष्ट मंडळी खाडीची आहेत, आणि त्यातली बरीचशी चिखलातलंच खातात. ती महिन्यातून एखाद-दोनदा घ्या, दर वेळी वेगळ्या ठिकाणची. एकाच विक्रेत्याकडून नेहमी घेत असाल तर दोन-चार महिन्यांत कुठल्या बंदराचा माल कधी येतो ते आपोआप कळायला लागतं.

पावसाळ्याचं गणित थोडं निराळं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात खाडीचा, नदीचा आणि बर्फातला माल वाढतो. कोकणातल्या नातेवाइकांकडून पहिल्या पावसातले चढणीचे मासे येत असतील तर ती नदी कुठल्या वसाहतीखालून येते हे आधी विचारा. उन्हाळाभर नाल्यांत साठलेलं सगळं पहिल्या लोंढ्यातच वाहून येतं.

तिसरी पायरी: जात आणि आकार

पाऱ्यापुरतं बोलायचं तर सगळा खेळ इथेच आहे. मासा जितका मोठा, जितका वयस्क आणि जितका शिकारी, तितका पारा जास्त.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिथल्या बाजारातल्या माशांची यादी केलेली आहे. तीत शार्कमध्ये, म्हणजे आपल्या मोरीत, किलोमागे सरासरी ०.९८ मिलिग्रॅम पारा आहे, तारलीच्या जातकुळीतल्या सार्डिनमध्ये ०.०१३. म्हणजे जवळपास ७५ पट फरक. आकडे तिकडचे आहेत, पण वर कोण आणि खाली कोण हा क्रम आपल्या किनाऱ्यालाही लागू पडतो, कारण अन्नसाखळी तशीच आहे.

आता हिशोब करू. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ साली मिथाइल पाऱ्याची आठवड्याची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम ठरवली. ६० किलोच्या बाईला आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम. वरच्या आकड्यांनी ते भरायला शार्कचं साधारण १०० ग्रॅम मांस पुरतं, तारली खाऊन भरायची तर ७ किलो लागेल. १५ किलोच्या मुलाची मर्यादा २४ मायक्रोग्रॅम, म्हणजे शार्कच्या मांसाचा २५ ग्रॅमचा तुकडा.

आणखी एक बाब कमी लोकांच्या लक्षात येते. आपल्या नियमांत साधारण माशासाठी पाऱ्याची मर्यादा किलोमागे ०.५ मिलिग्रॅम आहे, शिकारी माशासाठी १.०. बरोबर ०.५ असलेला, म्हणजे कायद्याने पूर्ण पास झालेला मासा २०० ग्रॅम खाल्ला तरी त्या ६० किलोच्या बाईचा आठवड्याचा वाटा संपतो. 'मर्यादेत आहे' आणि 'रोज खा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तर बाजारात असं करा. मांदेली, तारली, पेडवे, बांगडा, बोंबील, कोळंबी, करंदी, जवळा हे रोजचे. यांचं आयुष्य लहान, खाणं साधं, पारा साठायला वेळच मिळत नाही. शिवाय ते स्वस्त. पापलेट, हलवा, मुडदुशी, लेपा, माकुल हेही निर्धास्त घ्या, खिसा परवानगी देईल तितके. सुरमई, रावस, घोळ, तांबोशी, मोठा हेकरू आठवड्यातून एखाद्या वेळी, आणि लहान आकाराचे. आठ किलोच्या सुरमईची रुंद तुकडी दिसायला देखणी असते, पण दीड-दोन किलोची सुरमई अधिक शहाणी खरेदी. पुण्यातल्या खानावळींत सुरमई थाळीला जो मान आहे तो बांगड्याला नाही, आणि माझ्या मते हा खवय्यांचा पूर्वग्रह आहे. चांगल्या तिरफळाच्या कालवणात बांगडा सुरमईच्या पुढे जातो.

मोरी, मोठी वाघळी, मोठा कुपा (ट्यूना) हे सगळ्यांत वरच्या गटात. महिन्यातून एकदा पुरे, आणि गरोदरपणात अजिबात नको.

मोरीबद्दल घरात वाद होणार हे मला ठाऊक आहे. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरीचं कालवण देण्याची किनारपट्टीवर जुनी पद्धत आहे, आणि पुण्यात राहणाऱ्या कोकणी घरांतही सासूबाई किंवा आई ते आवर्जून करतात. त्यामागची माया खरी आहे. पण मिथाइल पारा वारेतून गर्भात जातो, काही अंश दुधातूनही उतरतो, आणि वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम सगळ्यांत जास्त. "आई, मोरीऐवजी मांदेलीचं करू या का, काटे मी काढते" असं म्हणून बघा. बारक्या मुशीत, म्हणजे लहान मोरीत, मोठ्या मोरीपेक्षा पारा कमी असतो हे खरं, पण मांदेली-बांगड्याइतका कमी नसतो.

चौथी पायरी: शिंपले, कालवं, चिंबोऱ्या, माकुल

इथे गणित उलटं होतं, म्हणून थोडं थांबून वाचा. तिसऱ्या, कालवं, खुबे, शिणाणे यांत पारा सहसा फार कमी असतो, कारण ते कुणाची शिकार करत नाहीत. पण एक कालव दिवसाला शंभर लिटरच्या घरात पाणी गाळू शकतं. ही गाळणी कधी धुतली जात नाही: कॅडमियम, शिसं, तांबं, जस्त, तेलाचे अंश आणि सांडपाण्यातले जंतू त्यात साठत राहतात. म्हणूनच अमेरिकेत १९८६पासून किनाऱ्याचं प्रदूषण मोजायला शिंपलेच तपासले जातात. जागचा हलत नाही तो प्राणी त्या जागेचा खरा साक्षीदार.

त्यामुळे शिंपल्यांच्या बाबतीत जात दुय्यम आणि ठिकाण पहिलं. औद्योगिक खाडी, बंदराचा धक्का, बोटी रंगवण्याची जागा, मोठ्या शहराच्या नाल्याचं तोंड, यांच्या जवळपासचे नकोत. धक्क्याच्या खांबांवरची कालवं खरवडून आणणारे असतात, ती तर मुळीच घेऊ नका. बोटींच्या बुडाला शेवाळ धरू नये म्हणून लावायच्या रंगात पूर्वी ट्रायब्युटिल टिन असायचं. त्याने शंखांच्या माद्यांना नराचे अवयव फुटायला लागले. २००८पासून जगभर त्यावर बंदी आहे, पण बंदरांच्या गाळात ते बरंच टिकून राहतं.

तिसऱ्या आणल्यावर आपण त्या मिठाच्या पाण्यात ठेवतो. त्याने रेती निघते, थोडी घाण निघते. व्यापारी पातळीवर स्वच्छ पाण्यात दोन दिवस ठेवून जंतूही कमी करता येतात. धातू निघत नाहीत, त्यांना आठवडे ते महिने लागतात. तेव्हा 'रात्रभर पाण्यात ठेवल्या होत्या' हे आश्वासन वाळूपुरतं धरा. ठिकाणाबद्दल खात्री नसेल तर शिंपल्या उकडलेलं पाणी आमटीत न घालता ओतून द्या. चवीचा जीव जातो हे मान्य, पण पाण्यात विरघळून उतरलेला काही भाग त्याबरोबर जातो. अधूनमधून खाणाऱ्या निरोगी माणसाला एवढी काटकसर करायची गरज नाही, दर आठवड्याला खाणाऱ्याला आहे.

चिंबोरी साफ करताना वरचं कवच उघडलं की दोन्ही बाजूंना राखाडी, पिसांसारखे कल्ले दिसतात. ते सगळेच काढतात. मधे जो मऊ, पिवळट-तपकिरी, लोण्यासारखा गर असतो तो बहुतेक घरांत जपून ठेवला जातो, कारण कालवणाला दाटपणा त्यानेच येतो. कॅडमियम आणि पीसीबी नेमके तिथेच असतात. चिंबोरी कुठल्या खाडीची हे माहीत नसेल तर तो गर चमच्याने खरवडून टाका, कवच वाहत्या पाण्याखाली धुऊन घ्या. केशरी लाख (अंडी) वेगळी असते, ती घट्ट आणि दाणेदार. ती ठेवायला हरकत नाही. बारीक पाय वाटून, गाळून त्याचं पाणी कालवणात घालण्याची पद्धत आहे, तीही चालू द्या, त्यात मुख्यतः मांसाचा रस असतो. पण गर काढल्यानंतरच चिंबोरी शिजवा. अख्खी उकडली तर गरातलं कॅडमियम पाण्यात आणि मांसात उतरतं.

माकुल विक्रेत्याकडूनच पोट साफ करून घ्या. शाईची पिशवी फुटते म्हणून आपण काढतोच, तिच्याबरोबरची सगळी आतली ग्रंथी निघाली पाहिजे. नळी आतून बोट फिरवून पाहा, बुळबुळीत तपकिरी काही लागलं तर पुन्हा धुवा.

पाचवी पायरी: सुरी, तवा आणि नाक

पाऱ्यावर सुरी चालत नाही हे वर आलंच. चरबीतल्या रसायनांवर चालते. खाडीचा किंवा नदीचा मोठा, तेलकट मासा असेल तर कातडी काढा, पोटाची पातळ पट्टी छाटा, मधल्या रेषेवरचं गडद मांस काढा, काळीज टाका. डोकं कालवणात घालायचं तर कल्ले पूर्ण उपटून. असा मासा जाळीवर भाजला तर सुटलेली चरबी खाली गळते. कढईत तळला तर तेलात येते, ते तेल पुन्हा वापरू नका. गाबोळीत पारा कमी असतो, चरबी जास्त. बाहेरच्या समुद्रातल्या माशाची असेल तर बिनधास्त खा.

रसायनांपैकी दोन प्रकार मात्र नाकाला कळतात: रॉकेल-डिझेल आणि फिनॉल. कच्च्या माशात ते दबून असतात, गरम झाल्यावर उठतात. शंका असेल तर एक तुकडा मसाला, हळद, आलं-लसूण काही न लावता झाकणाच्या छोट्या भांड्यात वाफवा आणि झाकण उघडताच पहिला वास घ्या. रॉकेलचा किंवा डांबरी गोळीचा भपका आला तर सगळा मासा टाका. आगरी मसाल्यात तो वास दडतो, रसायन तिथेच राहतं. कोळंबीला कधीकधी सौम्य औषधी वास येतो, तो तिच्या खाण्यातून येणाऱ्या नैसर्गिक संयुगांचाही असू शकतो. त्याची डिझेलच्या भपक्याशी गल्लत करू नका.

सुक्या मासळीत पाणी गेलेलं असल्यामुळे किलोमागचा आकडा चढा दिसतो, पण आपण सुकट मूठभर घालतो. तिची चिंता नको.

सहावी पायरी: घरात कोण खातं

गरोदर बाई, बाळाला पाजणारी आई आणि पाच-सहा वर्षांपर्यंतची मुलं यांचा हिशोब वेगळा ठेवा. अमेरिकेतला सल्ला गरोदर स्त्रियांना आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम कमी पाऱ्याचे मासे खाण्याचा आहे. खाण्याचा, टाळण्याचा नाही. आपल्याकडे ते म्हणजे दोन-तीन वेळा बांगडा, मांदेली किंवा कोळंबी.

मिथाइल पारा माणसाच्या शरीरातून निम्मा व्हायला साधारण ५० दिवस लागतात. म्हणून मूल हवं असं ठरलं की मोठे शिकारी मासे पाच-सहा महिने आधीच कमी करा. दिवस राहिल्याचं कळल्यावर थांबवलं तर पहिले महत्त्वाचे आठवडे निघून गेलेले असतात.

मुलांना बिनकाट्याची म्हणून सुरमईच दिली जाते. तीच खरी अडचण. त्याऐवजी कोळंबी किंवा काटे काढलेला बोंबील द्या.

पुण्याचं स्वतःचं पाणी

समुद्राकडे बोट दाखवताना आपली नदी विसरायला नको. मुळा-मुठा शहराचं आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांचं पाणी घेऊन भीमेला मिळते, आणि भीमा उजनीला. भिगवणच्या बाजारातून आपल्याकडे येणारी चिलापी त्याच जलाशयातली. चिलापी लहान आयुष्याची, बरीचशी शाकाहारी, त्यामुळे तिच्यात पारा कमी असतो. तिची आतडी, कल्ले आणि कातडी काढून घ्या आणि ती एकमेव मासळी करू नका. खडकवासला-पानशेतच्या बाजूचा मासा आणि शहर ओलांडल्यानंतरच्या नदीतला मासा एकाच तराजूत घालू नका. बंडगार्डनच्या आसपास गळ टाकणारे दिसतात, तो मासा खायचा नाही.

शेवटची पायरी: तपासून घ्यायचं असेल तर

एखाद-दुसऱ्या किलोसाठी कुणी प्रयोगशाळेत जात नाही. पण सोसायटीने मिळून थेट किनाऱ्यावरून माल मागवायचा ठरवला, खानावळ चालवत असाल किंवा एका खाडीबद्दल सारखी शंका येत असेल तर करून घ्या. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली अन्न प्रयोगशाळा निवडा आणि माशातले धातू मोजण्याची त्यांची मान्यता आहे ना, ते विचारा. पाण्यातले क्षार मोजायचा टीडीएस मीटर माशात खुपसून काही कळत नाही.

एकच मासा देऊ नका. एकाच जातीचे, जवळपास सारख्या आकाराचे पाच-सहा मासे स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत, बर्फात, न कापता द्या. जात, लांबी, तारीख आणि बंदर चिठ्ठीवर लिहा.

अहवाल हातात आल्यावर सगळ्यांत आधी बघायचं ते 'ओल्या वजनावर' की 'सुक्या वजनावर'. माशात ७५ ते ८० टक्के पाणी असतं, त्यामुळे सुक्या वजनावरचा आकडा चार-पाच पट मोठा दिसतो. सुक्यावर १.५ म्हणजे ओल्यावर ०.३ ते ०.४, आणि कायद्याच्या मर्यादा ओल्या वजनावर आहेत. वर्तमानपत्रांतल्या 'मर्यादेच्या तिप्पट पारा' छापाच्या बातम्यांत हा घोळ बरेचदा असतो. दुसरं, एकक. किलोमागे मिलिग्रॅम आणि पीपीएम (दहा लाखांत एक भाग) एकच, पीपीबी त्याच्या हजारावा भाग. तिसरं, 'आढळलं नाही' असं लिहिलं असेल तर यंत्राची किमान मोजमाप मर्यादा किती ते विचारा. ती ०.५ असेल तर त्या वाक्याला काही अर्थ नाही. चौथं, आर्सेनिक. कोळंबी-चिंबोरीत एकूण आर्सेनिकचा आकडा नेहमीच मोठा येतो, पण समुद्री प्राण्यांतलं बहुतेक आर्सेनिक सेंद्रिय आणि जवळपास निरुपद्रवी असतं. असेंद्रिय आर्सेनिक वेगळं मोजलेलं नसेल तर त्या ओळीवरून झोप उडवून घेऊ नका.

सरकारी मार्गही आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६च्या कलम ४० नुसार ग्राहकालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो, आणि अन्न कायद्याच्या नियमांत न बसणारं निघालं तर फी परत मिळते. अट एकच: आपण हे तपासायला देणार आहोत हे विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं. फळीवाल्या मावशीला हे सांगणं जिवावर येतं. माझं मत विचाराल तर तिच्यावर हे हत्यार उगारूही नये, मोठ्या पुरवठादाराकडून घेताना वापरावं. तिने पाण्यात पारा सोडलेला नाही.

ज्याने सोडला त्याच्यासाठी दार दुसरं आहे. गावी गेला असताना खाडीत मासे मरून वर आलेले दिसले तर त्याच तासात पाण्याचा नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून घ्या, तडफडणारे किंवा नुकतेच मेलेले मासे बर्फात ठेवा, ठिकाण आणि वेळ दिसेल असे फोटो काढा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या त्या भागातल्या कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. दुसऱ्या भरतीनंतर पाण्यात फारसं काही उरत नाही. दाद मागायची वेळ आली तर राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे, तारापूरच्या प्रदूषणाचं प्रकरण मांगेला मच्छीमारांच्या संघटनेने लवादापुढेच नेलं होतं. पर्यावरणाच्या वादासाठी अर्ज साधारणपणे सहा महिन्यांत करावा लागतो आणि नुकसानभरपाईसाठी पाच वर्षांत. म्हणून पोचपावती आणि फोटो पहिल्याच दिवशी दोन ठिकाणी जपून ठेवा.